चावी बंद, पेटी गरम

गाडी दुकानासमोर थांबली तेव्हा मी मान वर न करताच सांगून टाकलं, "टॅपेट सैल झालेत, म्हणून इंजिन टिकटिकतंय."

माझ्या हातात सोल्डरिंगची तापलेली सळई होती आणि समोर कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न उघडून पडला होता. पण नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखायची मला सवय आहे, आणि खरं सांगायचं तर तिचा थोडा माजही आहे. गिऱ्हाईक काय बोलतं याकडे मी फारसं लक्ष देत नाही. गिऱ्हाईक काहीही बोलतं.

"इंजिन बंद करा," मी म्हटलं.

इंजिन बंद झालं. चिव-चिव, टिक-टिक मात्र चालूच राहिलं.

आता मी वळले. हेल्मेट काखेत धरून एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. गाडीच्या मागे लाकडी पेटी बांधलेली, पेटीला बाजूंनी भोकं, आणि भोकाभोकातून एकेक इवलीशी चोच बाहेर येऊन परत आत जात होती.

"टॅपेट नाहीत ते," तो जरा ओशाळून म्हणाला. "पिल्लं आहेत. कोंबडीची. पन्नास." मग त्याने गाडीच्या तोंडाकडे बोट दाखवलं. "मी… त्या धुरासाठी थांबलो होतो."

हेडलाइटच्या खालून खरंच धूर येत होता! मी सळई ठेवून धावले, सीट उचकटली, बॅटरीची वायर सोडवली. धूर विरला. मग मी वायरिंग बघितलं आणि माझा पारा चढला. हेडलाइटची वायर दाताने सोलल्यासारखी सोललेली, तिच्यावर दुसरी वायर गुंडाळलेली, आणि वर चिकटपट्टी, तीही वहीला कव्हर घालताना लावतात ती.

"हे कुणी केलं?"

"मी."

"फ्यूज कुठंय?"

"तो उडत होता. तीनदा उडाला. मग फ्यूज संपले, म्हणून…" त्याने मान खाली घातली. "चॉकलेट होतं खिशात. त्याची चांदी लावली."

आतून बाबांचं हसू ऐकू आलं. दुकान बाबांचं आहे, पण त्यांची नजर अधू झाल्यापासून गाडीला हात माझा आणि गल्ल्याला त्यांचा. दिवसभर ते काउंटरमागे बसून हसायचं निमित्त शोधत असतात.

"चॉकलेटची चांदी!" मी कडाडले. "गाडी पेटली असती म्हणजे? पन्नास पिल्लं भाजून निघाली असती! पेटीत काय लावलंय, बल्ब?"

"हो. त्यांना ऊब लागते ना. अंड्यातून बाहेर येऊन एकच दिवस झालाय त्यांना."

तो हे इतक्या काळजीने म्हणाला की माझा आवाज एक पट्टी खाली आला. पण एकच.

त्या दिवशीची पिल्लं गरम पाण्याच्या बाटल्यांच्या सोबतीने बाबांच्या स्कूटरवरून रवाना झाली. गाडी आमच्याकडे राहिली. निघण्याआधी मी त्याला कामाची यादी ऐकवली. जुनी जोडकामं सगळी काढायची. फ्यूजची पेटी वेगळी. बल्ब नाही, त्याऐवजी थंडीत सीटखाली बसवतात ती तापणारी गादी, पेटीच्या तळाशी. पहाटे धुक्यातून फिरता तर दोन फॉग लॅम्प. मोबाइलला चार्जर. आणि हॉर्न, कारण आत्ताचा हॉर्न पिल्लांपेक्षा हळू वाजत होता.

"चालेल," तो म्हणाला. "फक्त एक सांगायचं होतं. मी गाडी थांबवली की—"

"बॅटरी उतरेल, हेच ना? नाही उतरणार. चावी बंद की सगळं बंद. आमच्या दुकानाचा नियम आहे तो."

"नाही, म्हणजे… पेटी जी आहे—"

"पेटीसुद्धा बंद. काळजीच करू नका." मी कपाळावर आलेले केस मागे सारले.

तो काहीतरी बोलणार होता. मग नुसतंच "बरं" म्हणाला आणि स्कूटरवर बसला.

हा नियम बाबांचा. लोक हौसेने गाडीला दिवे लावतात, भोंगे लावतात, सगळं थेट बॅटरीला जोडतात, आणि सकाळी गाडी ढिम्म. म्हणून आमच्याकडे वरून लावलेली प्रत्येक वस्तू रिले नावाच्या स्विचमधून जाते, आणि रिलेला इशारा मिळतो चावीच्या लाइनवरून. चावी फिरली की चालू, काढली की बंद. आठ वर्षांत मी हा नियम एकदाही मोडला नव्हता, आणि माझं काम एकदाही परत आलं नव्हतं.

तो गेल्यावर बाबा काउंटरमागून म्हणाले, "काय गं फ्यूज, एक गोष्ट लक्षात आली का?"

लवकर उडते म्हणून सगळी आळी मला फ्यूज म्हणते. पाठीमागे. तोंडावर फक्त बाबा.

"कोणती?"

"प्रत्येक गिऱ्हाईक तुला ताई म्हणतं. म्हातारेसुद्धा. हा नाही म्हणाला."

"बाबा, तुम्ही गल्ला मोजा."

"मोजला. आता काय करू?"

काम तीन दिवस चाललं. खरं म्हणजे दीड दिवसाचं होतं. पण तो रोज पिल्लं पोचवून स्कूटर परत द्यायला येई आणि मग "मदत करू का?" म्हणून टॉर्च धरून उभा राही. आणि मदत असली की काम लांबतं, हे कुठल्याही कारागिराला विचारा.

"टॉर्च वायरवर धरा. माझ्या तोंडावर नाही."

"सॉरी. हात हलला."

"हात हलला की मान?"

"मान हलली," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "हात तिच्यामागून गेला."

मी टाकीखाली डोकं घातलं. तिथे अंधार होता हे बरंच झालं.

मी वायरी ओवत जाई आणि तो बोलत जाई. त्याची आत्या उबवणी केंद्र चालवते. तो यंत्रांचं काम शिकून तिच्या हाताखाली आला. पिल्लू बाहेर येताना अंड्यातला पिवळा बलक पोटात घेऊनच येतं, म्हणून पहिले दोन दिवस त्याला काही खायला लागत नाही. "डबा बांधूनच निघतात लेकाची," तो म्हणाला. "फक्त ऊब बाहेरून द्यावी लागते. ती काही त्यांना सोबत आणता येत नाही." हे मी ऐकलं. एरवी काम करताना मला शेजारी रेडिओ चाललाय की माणूस, याचा पत्ता नसतो. पण त्याचा आवाज मला हवासा वाटायला लागला होता, आणि तो थांबला की माझाच पाना थांबत होता.

तिसऱ्या दिवशी सगळं जोडून झालं. मी चावी फिरवली. रिले टिककन वाजला, फॉग लॅम्पचा पिवळा उजेड समोरच्या भिंतीवर पडला. त्याने पेटीत हात घातला आणि गादीवर तळवा टेकून डोळे मिटले.

"येतेय का ऊब?" मी विचारलं.

"बघा ना तुम्हीच."

मी हात घातला. पेटी लहान होती. दोन हात मावायचे म्हणजे एकमेकांना लागणारच. मला ऊब लागली खरी, पण ती कशाची होती ते मी सांगू शकणार नाही.

"किती वॉटची आहे?" बाबांनी आतून विचारलं.

आम्ही दोघांनी एकदम हात बाहेर काढले.

पुढचे पंधरा दिवस त्याचा रस्ता आमच्या दुकानावरूनच जाऊ लागला. वर टेकडीवर जायचं असलं तरी, आणि खाली नदीपलीकडे जायचं असलं तरी. लांबूनच नवा हॉर्न वाजे, मग पेटीतली चिवचिव ऐकू येई, आणि बाबा म्हणत, "टॅपेट आले बघ तुझे." तो कधी फॉग लॅम्पचा कोन दाखवायला थांबे, कधी चार्जर छान चालतो एवढंच सांगायला. एकदा धुकं जास्त होतं आणि तो हेल्मेटचा पट्टा न लावताच निघाला.

"अरे, पट्टा लाव ना!" मी ओरडले. मग जीभ चावली. "म्हणजे… लावा."

"नको. पहिलंच राहू दे," तो पट्टा लावत म्हणाला. "ते 'अरे' मला चालेल."

त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना अरे-तुरे करू लागलो. आणि त्याच आठवड्यात त्याने आत्याची अट सांगितली. घरोघरी पिल्लं पोचवायची ही फेरी त्याचीच कल्पना होती. आत्याला ती पटलेली नव्हती. पिल्लांचे हाल होतात, ज्याला हवीत तो येऊन नेईल, असं तिचं म्हणणं. महिनाभर करून दाखव, एकही तक्रार नको, एवढ्यावर ती तयार झाली होती. नाही जमलं तर केंद्रात दोघांचं काम नव्हतं. लांबच्या एका मोठ्या कंपनीत त्याची नोकरी ठरून ठेवलेली होती. इथून रेल्वेने दोन दिवस.

"दोन दिवस?" मी विचारलं.

"दोन दिवस. पिल्लं पण तेवढेच टिकतात." तो हसला. मला अजिबात हसू आलं नाही. त्या संध्याकाळी मी एका माणसाच्या डाव्या इंडिकेटरला उजव्याची वायर जोडून दिली, आणि त्याने वळताना सगळ्या रस्त्याला फसवलं.

महिना संपायला चार दिवस राहिले असताना थंडी एकदम वाढली. सकाळपासून बोचरं वारं होतं. भर दुपारी गाडी दुकानासमोर थांबली. हॉर्न वाजला नाही. इंजिन बंद झालं, आणि मला काहीच ऐकू आलं नाही.

तो पेटी उचलून आत आला. चेहरा पांढरा पडलेला. "गार पडलीयेत," एवढंच म्हणाला.

मी झाकण उघडलं. चाळीस पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून निपचित पडली होती. काहींचे डोळे मिटलेले.

बाबा आयुष्यात इतक्या चपळाईने उठले नसतील. त्यांनी कपाटातले जुने हेडलाइट काढले, मी ते कामाच्या टेबलावर ओळीने मांडले आणि दुकानातल्या मोठ्या बॅटरीला जोडले. सहा हेडलाइट एकदम लागले. टेबलावर खोकं, खोक्यात फडकी, फडक्यांवर पिल्लं. आम्ही तिघं त्यांना एकेक करून हातात घेत होतो, ओंजळीत धरून फुंकर घालत होतो, उजेडात ठेवत होतो. मला पिल्लू कसं धरतात तेही माहीत नव्हतं. त्याने माझी बोटं नीट वळवून दाखवली. "एवढंच. दाबायचं नाही."

हळूहळू एकाने मान उचलली. मग दुसऱ्याने. अर्ध्या तासाने टेबलावर असा काही गलका झाला की शेजारचा पंक्चरवाला बघायला आला. अडतीस वाचली. दोन नाही वाचली.

ती दोन मी फडक्यात गुंडाळली, आणि मग मला राग आला. मला भीती वाटली की आधी रागच येतो.

"झालं काय?"

"टेकडीवरचे मास्तर. त्यांच्या खुराड्याचं दारच बसत नव्हतं. एकटेच आहेत, म्हणून मी बसवून दिलं. दीड तास गेला. पेटी बाहेर गाडीवर होती."

"आणि चावी?"

"खिशात."

"चावी काढलीस कशाला? चावी काढली की सगळं बंद होतं. मी सांगितलं होतं तुला! पहिल्याच दिवशी सांगितलं होतं!"

त्याने आवाज चढवला नाही. "हो," तो म्हणाला. "तू सांगितलं होतंस. मीही काहीतरी सांगत होतो."

पेटीत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून तो अडतीस पिल्लं घेऊन गेला. मी टेबलाजवळ उभी होते. मी गाडी थांबवली की… पेटी जी आहे… त्याची दोन्ही अर्धी वाक्यं आता मला एका शब्दाचीही चूक न करता आठवत होती. गाडी थांबल्यावरच तर पेटीला ऊब हवी होती! चालताना त्याच्या पाठीच्या आडोशाला पिल्लं तशीही तग धरत. आठ वर्षांचा न मोडलेला नियम मी बरोब्बर तिथे लावला होता जिथे तो लावायचा नव्हता.

"बाबा, माझं काम परत आलं," मी म्हटलं.

बाबांनी चष्मा पुसला. या वेळी ते हसले नाहीत. "मग परत करून दे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. मी फोन केला. आत्याने फेरी बंद केली होती. सोमवारी त्याला नोकरीसाठी निघायचं होतं. आज शनिवार.

"तू सांगितलंस ना त्यांना वायरिंगचं?"

"नाही. म्हटलं, माझं लक्ष नव्हतं."

"का?"

"तुझ्या दुकानाला लोकांनी नावं ठेवायला नकोत."

मी फोन ठेवला. माझ्या चुकीचं खापर दुसऱ्याने परस्पर स्वतःच्या डोक्यावर फोडून घ्यावं? वर मला न विचारता? मी हत्यारांची पिशवी भरली. दिव्यांच्या दुकानातून आणलेली एक छोटी बॅटरी, दोन रिले, वायर, फ्यूज. बाबांनी न विचारता स्कूटरची चावी पुढे केली.

उबवणी केंद्र म्हणजे एक लांबट, पत्र्याच्या छपराची इमारत होती. दारात जंतुनाशक पाण्याचा चौकोनी हौद; त्यात बूट बुडवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. आत यंत्रांची घरघर, पिसांचा आणि दमट उबेचा वास, आणि अंड्यांचे ट्रे, जे आपोआप एका बाजूला कलत होते. आत्या पांढरा डगला घालून एकेक अंडं उजेडावर धरून बघत होती. माझ्याकडेही तिने तसंच बघितलं.

"काकू," मी सुरुवात केली, "त्या गाडीचं वायरिंग मी केलंय. पिल्लं गार पडली ती माझ्यामुळे. तो सांगत होता, मी ऐकून घेतलं नाही. चूक माझी आहे."

हे वाक्य मी याआधी कधी बोलले नव्हते.

"तो म्हणतो त्याची," आत्या म्हणाली.

"खोटं बोलतो तो."

"माझ्याच तोंडावर माझ्या भाच्याला खोटारडा म्हणतेस?"

"हो. या बाबतीत आहे."

आत्याने हातातलं अंडं ट्रेमध्ये ठेवलं. "दोन पिल्लांसाठी इतकं भांडण या घरात पहिल्यांदाच होतंय. आणि चूक आपल्या पदरात पडावी म्हणून! लोक टाळायला भांडतात." तिने घड्याळ बघितलं. "गाडी मागे अंगणात आहे. चारपर्यंत काय करायचं ते कर. चार ते सहा इंजिन बंद, चावी माझ्या खिशात. पेटीत वीस पिल्लं ठेवीन आणि थर्मामीटर. सहा वाजता तीस अंशांच्या खाली दिसला, तर तो सोमवारी जाईल. आणि मला काकू म्हणू नकोस. मी कुणाची काकू नाही."

तो अंगणात पेटी घासत बसला होता. मला बघून उभा राहिला. हातातला ब्रश तसाच.

"तू इथे?"

मी पिशवी खाली ठेवली. बोलायला शंभर गोष्टी होत्या. त्या सगळ्या गिळून मी त्याच्यासमोर उकिडवी बसले.

"पेटीला नेमकं काय हवंय?" मी विचारलं. "सगळं सांग."

आणि त्याने सांगितलं. किती वेळ थांबावं लागतं, वारा कुठून लागतो, पिल्लं जास्त तापली की चोची उघडून कशी धापा टाकतात, कमी पडलं की कशी कोपऱ्यात गोळा होतात. मी एकदाही मध्ये बोलले नाही. दोनदा तोंड उघडलं, पण बोलले नाही. मला कळत गेलं की काम माझ्या नियमाला सोडून करायचंच नव्हतं. नियमाला एक जोड हवी होती. पेटीखाली छोटी बॅटरी, फक्त पिल्लांची. इंजिन चालू असताना रिले तिला मोठ्या बॅटरीशी जोडणार आणि ती भरत राहणार. चावी काढली की रिले सुटणार, मोठी बॅटरी गाडीसाठी सुरक्षित, आणि गादी छोटीवर चालू राहणार. वर उबवणी यंत्राचा एक जुना थर्मोस्टॅट, गादी जास्त तापली की ती आपोआप बंद करणारा, म्हणजे पिल्लांना धापा लागायला नकोत.

तो टॉर्चऐवजी वायर धरत होता. छोटी बॅटरी मी भरूनच आणली होती. पावणेचारला शेवटचा जोड सोल्डर केला. चारला आत्या आली, वीस पिल्लं मोजून पेटीत सोडली, थर्मामीटर ठेवला, झाकण लावलं, चावी डगल्याच्या खिशात टाकली आणि आत गेली.

उरलो आम्ही दोघं आणि दोन तास. बसायला पालथे घातलेले दोन ट्रे होते.

"काल मी ओरडले," मी म्हटलं. "सॉरी. तुझं वाक्य मी तीनदा तोडलं होतं."

"दोनदा."

"मोजलंस?"

"तिसऱ्यांदा मी आपणहून थांबलो." तो पेटीकडे बघत बोलत होता. कान लाल झाले होते. "तू केस मागे घेतलेस. हात काळे होते, म्हणून मनगटाने. आणि मी… काय सांगत होतो तेच विसरलो. नंतर घरी जाऊन आठवलं. मग वाटलं, उद्या सांगू. उद्या तू पुन्हा केस मागे घेतलेस."

"म्हणजे तुझी पण चूक आहे!"

"आत्याला तेच म्हटलं ना. माझं लक्ष नव्हतं. मी कुठे खोटं बोललो?"

मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मला हा माणूस हवा होता. रोज, दुकानासमोर, त्याच्या चिवचिवीसकट. पेटीत पिल्लं अधूनमधून हलत होती. वारं पडलं नव्हतं. उलट सूर्य छपरामागे गेला तसं जास्तच झोंबायला लागलं. मी तिसऱ्यांदा झाकणावर हात ठेवून बघितला.

"नको बघूस," तो म्हणाला. "तुझं काम आहे. चालेल ते."

"आणि नाही चाललं तर?"

"तर सोमवारी जावं लागेल." तो माझ्याकडे वळला. "म्हणूनच सहा वाजायच्या आत एक बोलायचंय. पूर्ण. मध्ये तोडायचं नाही."

"नाही तोडणार."

"मला नंतर असं वाटायला नको की फेरी टिकली म्हणून विचारलं, किंवा गेली म्हणून राहून गेलं. आत काहीही आकडा असो. मी इथे असेन, नाहीतर दोन दिवसांवर असेन. मला गाड्यांतलं काही कळत नाही, ते तू पाहिलंच आहेस. पण ऊब द्यायचं काम मला येतं. तर तू माझ्याशी—"

"हो."

"वाक्य!"

"सॉरी, सॉरी. बोल." मी दोन्ही हात तोंडावर धरले.

"माझ्याशी लग्न करशील का?" त्याने एकेक शब्द सावकाश उच्चारला. "तू रोज ओरडलीस तरी चालेल."

मी गप्प राहिले. आणखी काही उरलं असेल म्हणून वाट बघितली. तो घाबरला.

"संपलं?" मी विचारलं.

"संपलं."

"मग हो. आकडा काहीही असो… हो."

त्याने माझे काळे हात आपल्या हातात घेतले. ते बर्फासारखे झाले होते, आणि त्याचे गरम होते. सहा कधी वाजले ते आम्हाला कळलं नाही. कळलं ते आत्याला. ती आली, झाकण उघडलं, थर्मामीटर डोळ्यांजवळ धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मुद्दामच, अशी माझी आजही खात्री आहे. आत वीसच्या वीस पिल्लं मोकळी पसरून झोपली होती. कोपऱ्यात कुणीही गोळा झालं नव्हतं.

"तेहतीस," ती म्हणाली. तिने खिशातून चावी काढून माझ्या हातावर ठेवली. मग भाच्याकडे वळली. "तिकडे कळवून टाक, माणूस येणार नाही म्हणावं. परवापासून फेरी चालू." दोन पावलं गेली आणि थांबली. "आणि अंगणाकडची खिडकी उघडी होती. मला सगळं ऐकू आलंय. मला आत्याच म्हण तू आता. तुझ्या वडिलांना कोण सांगणार आहे?"

"मी सांगेन," मी म्हटलं.

"मी सांगतो," तोही त्याच वेळी म्हणाला.

दोघंही थांबलो. पेटीत एक पिल्लू जागं होऊन चिवचिवलं.

"बरं," मी म्हटलं. "आधी तू बोल."